मोठा ढोल धाकट्याच्या गळ्यात

ढोलाचा पट्टा धाकट्याला ढिला होत होता. थोरल्याला तेवढंच समाधान होतं, आणि तेही दुपारपर्यंत टिकलं नाही. धाकट्याने मोच्याकडून आरी मागून आणली, दारातल्या पायरीवर बसला आणि पट्ट्याला नवं भोक पाडायला लागला.

थोरला खाटेवर बसून बघत होता. त्याचा उजवा हात फडक्यात घालून गळ्याशी बांधला होता. खांद्यावर माशी बसली तरी डावा हात पार त्या बाजूला न्यावा लागे, आणि तोवर माशी उडून गेलेली असे.

"तुझं भोक तसंच राहतंय, दादा," धाकटा म्हणाला. "मी आतल्या बाजूला पाडतोय."

"पाड की. पट्टा काय माझ्या बापाचा आहे?"

"आपला बाप एकच होता. त्याचा नाही, हे मलाही ठाऊक आहे," धाकटा हसत म्हणाला आणि आरीवर जोर दिला. कातडं करकरलं.

हे सगळं विहिरीपायी झालं होतं. यंदा पाऊस नावाला पडून गेला होता. विहीर दोघा भावांची, शेतासारखीच निम्मी निम्मी. पाणी तळाला गेलं, मग नुसता चिखल राहिला, मग चिखलालाही भेगा गेल्या. तेव्हा दोघांनी विहीर खोल करायला घेतली. थोरला खाली खणायचा, धाकटा वर कप्पीवर दोर ओढायचा. विहिरीत बोललेलं धड वर पोचत नाही. भिंतींवर आपटून शब्द एकावर एक चढतात आणि वरच्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. म्हणून गाळ काढायच्या दिवसांपासून दोघांची हाताची खूण ठरलेली होती. खालून थोरल्याचा डावा हात वर गेला की ओढायचं, खाली आला की दम धरायचा, पंजा पसरला की असेल तिथं थांबायचं. हात वर, हात खाली, अशी लय धरली की पाटी हिंदकळत नाही आणि खालच्याच्या डोक्यात दगड पडत नाही. धाकटा मिसरूड फुटायच्या आधीपासून काठावर पाय रोवून त्या हाताकडे बघत आला होता.

एका सकाळी विहिरीची कड सुटली आणि दगड थोरल्याच्या उजव्या खांद्यावर आला. धाकटा दोराने खाली उतरला, भावाला पाठीशी बांधलं आणि वर घेऊन आला. गावभर त्याचं कौतुक झालं. थोरल्यानेही चारचौघांत केलं. पण हा पाठीवरून आणलेला माणूस, अशा नजरेने लोक बघायला लागले की त्याला ते सोसत नसे. डॉक्टर म्हणाला, हाड जुळेल, पण तोवर हात हलवायचा नाही. आता धाकटा खाली खणत होता आणि थोरल्याची बायको कप्पीवर दोर ओढत होती. थोरला काठावर उभा राहून नुसती खूण देत होता. बायकोच्या तळहातांना फोड आले होते. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, म्हणून ते फोड त्याला जास्तच दिसत.

आणि त्यातच गावची मिरवणूक आली. वर्षातली एकच मोठी सुट्टी. त्या दिवशी दुकानं बंद, गिरणी बंद, आणि अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना. मधून शाळेची पोरं, आगीचा बंब, म्हातारे निवृत्त शिपाई, फुलं लावलेल्या गाड्या. सगळ्यांच्या पुढे बँड आणि बँडात मोठा ढोल. हा ढोल कितीतरी वर्षं थोरल्याच्या गळ्यात होता. बाकी वर्षभर त्याला कोण विचारतो? तो निम्म्या शेताचा, निम्म्या विहिरीचा मालक. पण त्या दिवशी त्याने टिपरू मारलं की सगळ्या गावाचा डावा पाय पुढे पडायचा. शाळेच्या हेडमास्तरांचा पडायचा, डॉक्टरचा पडायचा, शेतसारा मागायला येणाऱ्या साहेबाचासुद्धा पडायचा. हे सुख काय असतं ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल.

बँडमास्तर एरवी शिंपी होता. तो गळ्यात टेप घालूनच घरी आला होता. त्याने थोरल्याचा हात बघितला, च् च् केलं आणि सरळ धाकट्याला विचारलं, "तू धरशील का?"

थोरल्याला वाटलं, धाकटा निदान आढेवेढे घेईल. दादा बरा झाला की बघू, असं काहीतरी म्हणेल. धाकटा म्हणाला, "धरीन की."

"बँडाची रीत माहीत आहे ना? मिरवणुकीत पायाची लय न मोडता जो ढोल शेवटापर्यंत नेईल, ढोल त्याचा. मोडली तर पुढच्या वर्षी परत ज्याचा त्याला." एवढं बोलून मास्तर थोरल्याकडे वळला. "तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. घरातल्या घरातच राहतोय."

"मला कशाला वाईट वाटेल?" थोरला म्हणाला, आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवसापासून धाकटा संध्याकाळी विहिरीवरून वर आला की माळावर जाऊन ढोल बडवायचा. थोरला घरात बसून ऐकायचा. चुकेल, आता चुकेल, म्हणत कान टवकारून बसायचा. सुरुवातीला चुकला, मग चुकेना. पोराचा हात जड होता, पण सरळ होता. बायको भांडी घासता घासता थांबून म्हणाली, "भाऊजींना जमायला लागलं की हो."

"माळावर कोणालाही जमतं."

"तुमच्यासारखंच वाजतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. भांडी मघापेक्षा जोरात वाजायला लागली.

तिने थोरल्याचा लाल कोटही धाकट्यासाठी आत घेतला होता. पितळी बटणं राखेने घासून लखलखीत केली होती. धाकट्याने तो अंगात घातला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकून बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर असं काही हसू आलं की थोरल्याने मान फिरवली. त्याच्यासाठी तिने बटणं कधी राखेने घासली नव्हती. निदान त्याला तरी तसं आठवत नव्हतं.

माळावर कोणालाही जमतं, हे तो उगाच बोलला नव्हता. मिरवणुकीच्या वाटेवर एक जागा वाईट होती. बाजार संपतो तिथं एका बाजूला धान्याचं गोदाम आणि दुसऱ्या बाजूला गिरणीची पाठ. दोन्ही भिंती उंच, कोऱ्या, खिडकीचं नाव नाही. मधला रस्ता अरुंद आणि तिथंच वळण. ढोलाचा आवाज त्या भिंतींवर आपटायचा आणि किंचित उशिरा परत यायचा. वाजवणाऱ्याला वाटायचं, आपणच पुढे पळतोय. तो हात आवरायचा, की मागून येणाऱ्या पायांचा गोंधळ. थोरल्याची पहिल्या वर्षी तिथंच फजिती झाली असती. पण आधीच्या म्हाताऱ्या ढोलवाल्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गोदाम दिसलं की कानात कापूस घाल आणि नजर आपल्या बुटांवर ठेव. म्हातारा आता हयात नव्हता. बँडातल्या बाकीच्यांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण ते ढोलाच्या मागे चालत, आणि ढोल कधी चुकला नव्हता. माहीत होतं ते थोरल्याला आणि त्याच्या बायकोला. दर वर्षी ती उशीची शिवण उसवून दोन बोळे काढायची आणि त्याच्या खिशात घालायची.

मिरवणुकीच्या सकाळी धाकटा कोट घालून त्याच्यापुढे उभा राहिला. दाढी केलेली, केस चापून बसवलेले.

"दादा, काही सांगायचं आहे का?"

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. कोट त्याला आपल्यापेक्षा जास्त शोभत होता.

"काय सांगायचं? वाजव."

"तरी काही?"

"टिपरू घट्ट धरू नकोस. घाम येतो."

धाकट्याने मान हलवली आणि ढोल उचलून गेला. बायको आतून उशी घेऊन आली. तिच्या बोटांत कापसाचे दोन बोळे होते.

"गेले का? हे द्यायचे राहिले."

"मी दिलेत," थोरला म्हणाला.

"कुठले?"

"माझ्या उशीतले. सगळं सांगितलंय त्याला. तू आवर, उशीर होतोय."

तिने हातातले बोळे परत उशीत कोंबले. इतक्या सहज तिने ते मानलं की थोरल्याला क्षणभर तिचाच राग आला.

एरवी मिरवणूक बघायला चांगली जागा म्हणजे बाजाराचा चौक. तिथं सावली असते, बसायला पायऱ्या असतात. बायको तिकडे वळली, तर थोरला म्हणाला, "गोदामापाशी उभं राहू."

"तिथं ऊन आहे."

"तिथं गर्दी नसते. खांद्याला धक्का लागायला नको."

खांद्याचं नाव काढलं की तिला काही बोलता येत नसे. दोघं गोदामाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. मोची तिथंच भिंतीशी बसायचा. आज काम बंद होतं, तरी तो आपल्या खोक्यावर बसून होता.

"काय थोरले, या वर्षी आमच्यात?" मोची म्हणाला. "बरं झालं. इतकी वर्षं तुमची पाठच बघत होतो. आता कळेल बघ्यांचे पाय किती दुखतात ते."

थोरला हसला. दुसरं काय करणार? शेजारची एक बाई आपल्या लेकाला सांगत होती, "ते बघ, ते ढोलवाले काका." लेक म्हणाला, "मग ढोल कुठे आहे?" तिने त्याला गप्प केलं, पण तो प्रश्न थोरल्याच्या कानातून जाईना.

लांबून आवाज आला. धम्. धम्. धम्. रस्त्यावर पाणी मारायला यंदा पाणीच नव्हतं, त्यामुळे धूळ माणसाच्या कमरेपर्यंत उठली होती आणि त्या धुळीतून लाल कोट पुढे येत होता. लोक माना उंचावून बघत होते. टाळ्या पडत होत्या. कोणीतरी ओरडलं, "शाब्बास, पठ्ठ्या!" इतक्या वर्षांत थोरल्याला कोणी पठ्ठ्या म्हटलं नव्हतं. त्याचं वाजवणं लोक गृहीतच धरून चालत, देवळातल्या खांबाकडे कोण बघतं? आणि हा पोरगा एका दिवसात पठ्ठा झाला. थोरला जळत होता. नुसता धुमसत नव्हता, आतून चांगला धडधडून जळत होता. ये, तो मनात म्हणाला. ये या वळणावर. मग बघू तुझी शाब्बासकी.

बायकोने मान पुढे काढून बघितलं आणि तिचा हात त्याच्या दंडावर आला.

"त्यांच्या कानात काही नाहीये."

तो ढोलाकडेच बघत होता.

"अहो, कान मोकळे आहेत भाऊजींचे."

"पडले असतील."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिचा हात दंडावरून निघाला.

बँड गोदामाच्या सावलीत शिरला आणि व्हायचं ते झालं. पहिला ठोका नीट पडला. दुसऱ्याला भिंतीने जबाब दिला. तिसऱ्याला धाकट्याच्या भुवया वर गेल्या. चौथ्याला त्याने टिपरू हवेत अडवलं, भिंतीतला आवाज संपायची वाट बघितली आणि मग मारलं. मागचे कर्णेवाले सुरात पुढे निघून गेले होते, ते थबकले. म्हाताऱ्या शिपायांच्या रांगेत एकाचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर पडला. शाळेच्या पोरांनी पाय बदलायला उड्या मारल्या आणि एकमेकांवर आदळली. बघ्यांत हशा पिकला. बँडमास्तर वळून बघायला लागला, त्याचा चेहरा कोटासारखा लाल झाला.

थोरल्याला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला गार वाटेल. वाटलंही. घशाखाली गार पाणी उतरावं तसं बरं वाटलं, खोटं कशाला बोला. अजून दोन ठोके असेच गेले की ढोल आपला.

तेवढ्यात धाकट्याने मान वर केली. भेदरलेला होता, घामाने निथळत होता. चार बाजूंनी आवाज येत होता आणि त्यातला स्वतःचा कुठला ते त्याला कळत नव्हतं. त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती कोपऱ्यावर येऊन थांबली. दादा दिसला. धाकट्याने दादाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्याने बघितलं ते डाव्या हाताकडे, आणि बघत राहिला.

ही नजर थोरल्याच्या ओळखीची होती. विहिरीच्या तळातून वर बघितलं की निळ्या आभाळाच्या गोल तुकड्यात हीच दिसायची. वर हा असा बघत असताना खालच्याने हात हलवला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. तसं झालं असतं तर दोघांपैकी एक जण आज इथं नसता. थोरल्याने काही ठरवलं नाही. ठरवायला सवड मिळाली असती तर त्याने हात खिशातच ठेवला असता. पण हात वर गेला होता. वर गेला तो खाली आला, परत वर गेला. धाकट्याने टिपरू उचललं. हात खाली, ठोका. हात वर, टिपरू वर. हात खाली, ठोका. धाकट्याने कान सोडून दिले होते. तो फक्त हात बघत चालत होता, आणि पुढे सरकला तशी मान वळवून बघत राहिला. कर्णे लयीत आले. शिपायांचे पाय जुळले. पोरांची रांग सरळ झाली. भिंती मागे पडल्या, उघडं मैदान आलं, आणि ढोल पुन्हा एकट्याच्या आवाजात वाजायला लागला.

थोरल्याचा हात अजून वरखाली होत होता. बायकोने तो धरून खाली केला.

"झालं," ती म्हणाली.

मिरवणूक शाळेच्या पटांगणात संपली. थोरला तिथं जाणार नव्हता, पण मोच्याने त्याला कोपराला धरून ओढत नेलं. वाटेत भेटेल त्याला तो सांगत होता, मी डोळ्यांनी बघितलं, याने हातावर मिरवणूक उचलली. पटांगणात धाकटा ढोल उतरवून बसला होता. थोरला दिसताच उठून धावत आला आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकलं.

"सकाळी विचारलं तेव्हा काही बोलला नाहीस," तो म्हणाला. "मला वाटलं, दादा रागावलाय. आणि तू तिथं उन्हात जाऊन उभा राहिलास, नेमका त्या जागी. वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला काय माहीत असणार?" बायको म्हणाली.

"मेलोच होतो मी. काही ऐकू येईना. मग म्हटलं, ही तर आपली विहीर. दादाचा हात दिसला की झालं."

बँडमास्तर आज टेपशिवाय होता. त्याने थोरल्याची पाठ थोपटली, दुखऱ्या बाजूची, आणि मग जीभ चावून हात काढला.

"लय मोडली म्हणता येणार नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जरा डगमगली, पण सावरली. ढोल याचा. पण सावरली तुझ्यामुळे, हे मी मानतो. आता दर वर्षी तू तिथंच उभं राहायचं. कोपऱ्यावर. ती तुझी जागा."

"माझा हात बरा होईल तोवर," थोरला म्हणाला.

"होऊ दे की. हात बरा झाला तर आणखी उत्तम. दोन्ही हातांनी दाखव."

लोक हसले. मोची म्हणाला, "उभं कशाला? माझं खोकं देतो बसायला." त्यावर आणखी हसले. धाकटा सगळ्यांत जास्त हसत होता, भावाच्या गळ्यात हात टाकून. थोरल्याला त्याच्या कोटाचा वास येत होता. त्याचा स्वतःचा घाम आणि पोराचा घाम एकत्र झालेला तो वास होता.

घरी जाताना धाकटा ढोल पाठीवर टाकून पुढे निघाला. जो भेटेल त्याच्याशी थांबून बोलत होता, त्यामुळे फार पुढे जात नव्हता. थोरला आणि त्याची बायको मागून चालली होती. धूळ खाली बसली होती. रस्त्यावर फुलं चिरडून पडली होती. ती पुढे बघतच म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना."

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी असे भेदरायला नकोत ते. कापसाच्या दोन बोळ्यांची तर गोष्ट."

थोरला चालत राहिला. पुढे धाकट्याच्या पाठीवर ढोल हलत होता आणि पट्ट्याचं उरलेलं टोक, थोरल्याच्या मापाच्या भोकासकट, बाहेर लोंबत होतं.

"सांगितलं तर मग मी तिथं कशाला लागतो?" तो म्हणाला.

बायको थांबली. तो दोन पावलं पुढे गेला आणि ती येत नाही असं बघून वळला. तिच्या तोंडावर राग असता तर त्याला चाललं असतं. राग नव्हता. दोराने फोड आलेले दोन्ही तळहात तिने पदरात गुंडाळले होते, आणि आपल्याकडे परका माणूस आला असावा तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"दादा," पुढून धाकट्याने हाक मारली, "चल ना. तुझ्यासाठी थांबलोय."

"आलो," थोरला म्हणाला, आणि बायकोला मागे सोडून तो भरभर चालायला लागला.